ओट्याचं उदाहरण नको

माझ्या वहिनीला कुणी "शांत स्वभावाची" म्हटलं की मला त्या माणसाचा राग येतो. ती शांत कधीच नव्हती. ती गप्प होती. या दोन गोष्टींतला फरक आमच्या घरात कुणाला कळायला फार वर्षं लागली, आणि माझ्या भावाला तर अजूनही नीट कळलेला नाही.

भाऊ माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणते. एका मोठ्या गोदामाच्या कचेरीत सगळ्या संगणकांची जबाबदारी त्याच्याकडे आहे. तिथे त्याला नावानं कुणी हाक मारत नाही, "अ‍ॅडमिन" म्हणतात, आणि ते त्याला आवडतं. लहानपणी त्यानं घरातला रेडिओ उघडून परत जोडला होता, तेव्हापासून आईचा तो हुशार मुलगा. तो हुशार आहेच, मी नाही म्हणत नाही. शेजारपाजारचे लोक बंद पडलेले लॅपटॉप घेऊन यायचे, तो दोन बोटांनी काहीतरी करायचा आणि ते चालू व्हायचे. मात्र काय बिघडलं होतं, असं कुणी विचारलं की तो हसायचा. "तुम्हाला नाही कळणार त्यातलं. चालू झालं ना? मग झालं."

वहिनीला मात्र तो समजावून सांगायचा, आणि ते न सांगण्यापेक्षा वाईट होतं. "हे बघ, रॅम म्हणजे समज तुझा ओटा. ओटा जितका मोठा तितकी जास्त भांडी मांडता येतात. हार्ड डिस्क म्हणजे फळीवरचे डबे. आणि प्रोसेसर म्हणजे तू!" आणि मग स्वतःच्याच विनोदावर हसायचा. वहिनी मान हलवायची. मग आत जाऊन कढईवर झाकण असं आदळायची की आई बाहेरच्या खोलीत दचकायची.

वहिनी लग्नाआधीपासून एका छापखान्यात मजकूर जुळवायचं काम करायची. संगणकावर, दहाही बोटांनी, कळफलकाकडे न बघता. लेखकाचं गचाळ अक्षर तिला एका नजरेत लागायचं. छापखाना बंद पडला, आणि त्याच सुमारास आईला अर्धांगवायूचा झटका आला. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी, दादा गोदामात. घरी कोण राहणार, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण उत्तर ओट्यापाशीच उभं होतं. आईला उठवणं, बसवणं, चमच्यानं भरवणं, तोंडातल्या अर्धवट शब्दांचा अर्थ लावणं, सगळं वहिनीनं केलं. आई पुढे काठी घेऊन चालायला लागली, बोलणंही बरंच सुधारलं. दादा-वहिनींना मूल नाही. त्यावरून आमच्या घरात कधी कुणी टोचून बोललं नाही, हे आमच्या घराचं एक चांगलं. बाकी फार चांगलं सांगण्यासारखं नाही.

आई सावरल्यावर वहिनी म्हणाली, "मला काम करायचंय." तिनं ते शोधूनही ठेवलं होतं. बैठकांची, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करून पाठवायचा. घरबसल्या. आईचं तोंडातल्या तोंडात पुटपुटणं समजून घेऊन घेऊन तिचे कान असे तयार झाले होते की गोंगाटातला एकेक शब्द ती वेगळा काढायची.

दादा नाही म्हणाला नाही. तो कधी नाही म्हणतच नाही. त्यानं गोदामातून बाद झालेला एक लॅपटॉप आणून दिला. पण त्यावर मुख्य खातं स्वतःच्या नावानं केलं आणि वहिनीला एक साधं खातं दिलं. कुठलाही नवा प्रोग्रॅम घालायचा म्हटलं की पडद्यावर एक चौकट यायची, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागणारी. मग वहिनीनं दादाला हाक मारायची. दादा येणार, तिच्या खांद्यावरून वाकणार, डावा पंजा कळफलकावर आडवा धरणार आणि त्याच्या आड उजव्या हातानं पासवर्ड टाइप करणार. स्वतःच्या बायकोपासून! पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा माझ्याच तळपायाची आग मस्तकाला गेली. वहिनी मात्र खिडकीबाहेर बघत बसली होती.

"अहो, मलाच सांगून ठेवा ना," ती एकदा म्हणाली.

"कशाला? भलतंसलतं काही दाबशील आणि बसशील रडत."

त्यानंतरच्या आठवड्यात वहिनीनं वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बायकांसाठी चालणाऱ्या संगणकाच्या वर्गात नाव घातलं. दादा जेवताना हसला. "टाइपिंग येतं की तुला, अजून काय शिकणार?"

"म्हणजे काय, ते शिकणार," वहिनी म्हणाली.

वर्ग घेणाऱ्या बाई जिन्यावरून पडल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. त्यामुळे त्यांना स्वतःला काही करून दाखवता यायचं नाही. जे असेल ते बायकांनाच करायला लावायच्या आणि चुकलं की त्या पांढऱ्या हातानं टेबल ठोकायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी वर्गाची छापील पुस्तिका उघडून वाचायला सुरुवात केली. "संगणक समजा एक स्वयंपाकघर आहे. रॅम म्हणजे आपला ओटा..."

वहिनी उभी राहिली. हे तिनं मला घरी आल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "बाई, ओट्याचं उदाहरण नको."

"का?"

"ओटा मला माहिती आहे. मला हे यंत्र माहिती नाही. ते काय करतं ते सांगा. आम्हाला चुलीशिवाय काही समजतच नाही, असं हे पुस्तक लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं?"

बाईंनी पुस्तिका मिटली, खिडकीत ठेवली आणि म्हणाल्या, "बसा. मलाही ते पुस्तक वाचताना डोकं फिरतं. पण कुणी तोंड उघडत नाही, म्हणून मीही वाचत राहिले."

त्या दिवसापासून त्या वर्गात सरळ बोलणं सुरू झालं, आणि वहिनी घरी येऊन कपड्यांच्या घड्या घालता घालता ते मला सांगायची. मला त्यात गोडी नव्हती. पण ती अशी तावातावानं सांगायची, जणू कुणीतरी इतकी वर्षं तिच्या हक्काचं काही दाबून ठेवलं होतं, की मीही ऐकत बसायचे.

"संगणकात काम करणारा एक प्रोसेसर असतो," ती म्हणायची, "आणि काम चालू असेपर्यंत लागणारी माहिती धरून ठेवायला मेमरी असते. तिलाच रॅम म्हणतात. वीज गेली की ती रिकामी. डिस्कवरचं मात्र राहतं. आता एकाच वेळी पाच-पंचवीस प्रोग्रॅम चालू असतात, प्रत्येकाला प्रोसेसर हवा, मेमरी हवी. मोकळं सोडलं तर एकमेकांचं पुसून टाकतील. म्हणून सगळ्यांच्या आधी एक मुख्य प्रोग्रॅम सुरू होतो. कुणाला किती वेळ, कुणाला किती जागा, कोणती फाइल कुणी उघडायची, हे तो ठरवतो. ती ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात, आणि जो प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालू आहे त्याला प्रोसेस म्हणतात. झालं! एवढंच होतं. यात ओटा कुठे आला?"

"नाही आला," मी म्हटलं.

"आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे काय विचारलं मी. बाई म्हणाल्या, ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक माणसाचं खातं ठेवते, आणि प्रत्येक खात्याला परवानग्या असतात. साध्या खात्याला आपल्यापुरतं करता येतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्याला सगळं करता येतं, दुसऱ्यांची खाती बनवता येतात, पुसताही येतात. मी विचारलं, कुणाला कुठलं खातं हे कोण ठरवतं? तर म्हणाल्या, जो पहिल्यांदा मशीन सुरू करायला बसतो, तो. म्हटलं, म्हणजे तो जास्त हुशार असतो म्हणून नाही? म्हणाल्या, नाही, आधी बसतो म्हणून."

हे सांगताना तिनं दादाच्या शर्टाची घडी इतकी दाबून घातली की शर्टाला इस्त्रीची गरज राहिली नाही.

एकदा ती आली आणि चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली. त्या दिवशी नेटवर्क शिकवलं होतं. आपण इंटरनेटवरून पाठवतो ते एकसंध जात नाही, त्याचे तुकडे होतात, त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर दोन आकडे असतात, कुठून निघालं आणि कुठे जायचं. तो आकडा म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून आपण साइटचं नाव टाकतो, आणि त्या नावाचा आकडा शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. शिवाय प्रत्येक फोनवर, लॅपटॉपवर कारखान्यातच एक वेगळा क्रमांक घातलेला असतो, तो मॅक अ‍ॅड्रेस. त्यावरून घरातला राउटर प्रत्येक यंत्र वेगळं ओळखतो.

"राउटर म्हणजे दारावरचा तो पांढरा डबा," मी म्हटलं. आमच्याकडे तो बाहेरच्या खोलीत दाराच्या वर, दादानं स्वतः ठोकलेल्या फळीवर होता.

"तोच. तो पॅकेटवरचा आकडा वाचतो आणि पुढे पाठवतो. किंवा नाही पाठवत. त्याला नियम घालून दिलेले असतात, काय आत सोडायचं, काय बाहेर सोडायचं. नियम बघून अडवणाऱ्याला फायरवॉल म्हणतात." ती थांबली. "आपल्या राउटरला नियम कोण घालून देतं?"

मी दारावरच्या फळीकडे बघितलं. तिला उत्तर नकोच होतं.

ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी कंपनीची एक परीक्षा असायची. दुपारी ठरलेल्या वेळी लॅपटॉपवर बसायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि आवाज ऐकत ऐकत टाइप करायचं. मध्येच संपर्क तुटला आणि थोड्या वेळात परत जोडला गेला नाही, की परीक्षा आपोआप बंद. पुन्हा संधी नाही. त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम दादानं आदल्या रविवारी घालून दिला होता. तोच आडवा पंजा, तोच खांद्यावरून वाकणारा श्वास.

परीक्षेच्या दिवशी सकाळी वहिनी त्याला म्हणाली, "अहो, आज तरी तो पासवर्ड सांगून जा. मध्येच त्या प्रोग्रॅमनं मागितला तर?"

दादा बूट घालत होता. "एवढी कसली घाई झालीय तुला? काय लपवायचंय माझ्यापासून?"

"लपवताय तुम्ही. मी मागतेय."

बस, एवढंच बोलली ती. पण दादाचा चेहरा उतरला. आईसमोर, माझ्यासमोर कुणी त्याला असं सुनावलं नव्हतं. "बरं चार अक्षरं शिकलीस," तो म्हणाला. "गरज पडली तर फोन कर. नीट विनंती केलीस तर बघीन." आणि दार ओढून गेला.

माझी त्या दिवशी सुट्टी होती. आईला दवाखान्यात मीच नेणार होते, तेही संध्याकाळी. दुपारी वहिनी आतल्या खोलीत टेबलाशी बसली. मी दार लोटून बाहेर आईजवळ बसले आणि फोनवर एक पाककृती बघत होते. आतून कळांचा आवाज येत होता, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. आई म्हणाली, "किती भरभर!" तिच्या आवाजात कौतुक होतं, आणि मला वाटतं, थोडं आश्चर्यही.

मग आवाज थांबला.

थोडा वेळ आम्ही वाट पाहिली. वहिनी दारात आली. चेहरा पांढराफटक. "नेट गेलं."

"माझं चालू आहे," मी म्हटलं. फोनवर ती पाककृती तशीच हलत होती.

"त्याच वायफायवर?"

"त्याच."

ती आत पळाली, मीही मागे गेले. मी म्हटलं, माझ्या फोनवरून जोडून घे, पण ती अर्धवट राहिलेलं ध्वनिमुद्रण पुन्हा लावू बघत होती, मी फोनमध्ये हॉटस्पॉटचं बटण शोधत होते, आणि आमची अशी तारांबळ उडालेली असतानाच पडद्यावर पाटी आली. परीक्षा समाप्त. खाली आभारही मानले होते.

वाटलं, आता ती रडेल. ती खुर्चीत बसली आणि पडद्यावर एक काळी चौकट उघडून त्यात काहीतरी टाइप करू लागली.

"काय करतेस?"

"पिंग. समोर कुणी आहे का, एवढंच विचारणारं छोटं पॅकेट. असेल तर उत्तर येतं." तिचा आवाज सपाट होता, आणि त्या आवाजाची मला भीती वाटली. "हे बघ, राउटर उत्तर देतोय. म्हणजे माझ्यापासून राउटरपर्यंत सगळं ठीक. आता बाहेरच्या एका यंत्राला विचारते, थेट आकडा टाकून. नाही आलं. नाव टाकलं असतं तर म्हटलं असतं, डीएनएस बिघडलंय. पण आकड्यालाही उत्तर नाही. तुझं त्याच राउटरवरून चालतंय, म्हणजे बाहेरची लाइन धड आहे. मग उरलं काय?"

"काय?"

"राउटर फक्त माझी पॅकेट अडवतोय. फक्त या लॅपटॉपची. आणि राउटरला स्वतःचं डोकं नसतं."

दादाच्या फोनमध्ये राउटरचं एक अ‍ॅप होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. गोदामात बसून तो घराच्या दारावरचा कॅमेरा बघायचा, कुणाचं नेट चालू आहे ते बघायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

वहिनीनं त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला.

"अहो, माझं नेट बंद झालं."

"सर्व्हर डाऊन असेल," दादा म्हणाला. मागे गोदामातल्या गाड्यांचा आवाज येत होता. "समज, तू दुकानात गेलीस आणि दुकानच बंद..."

"कुठला सर्व्हर?"

"हं?"

"सर्व्हर म्हणजे आपण मागितलेलं पुरवणारं दुसरीकडचं यंत्र. कुठलं डाऊन आहे? नाव सांगा. वन्संचा फोन चालू आहे. राउटर पिंगला उत्तर देतोय. फक्त माझा लॅपटॉप अडवलाय. काढा तो नियम."

मग तो हसला. तो हसला नसता तर कदाचित पुढचं झालं नसतं. "अगं, गंमत केली. पाच मिनिटं. तुला कळावं, कुणाच्या जिवावर चाललंय ते. करतो चालू."

"परीक्षा संपली," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं स्टूल ओढलं, दारापाशी ठेवलं, वर चढली. राउटर काढून हातात घेतला, उलटा केला. मागे एक टाचणी जाईल एवढं भोक होतं. तिनं केसांतली पिन काढली, दातांनी सरळ केली, भोकात घातली आणि दाबून धरली. राउटरवरचे सगळे दिवे एकदम विझले. केस तिच्या तोंडावर आले होते, ते तिनं मागेही सारले नाहीत.

"हे दाबून धरलं की त्याला घातलेले सगळे नियम पुसले जातात," ती म्हणाली. "कारखान्यातून आला तसा होतो."

आई काठी टेकत उठली. "काय झालंय? मला कुणी सांगेल का?"

मी सांगितलं. तिची परीक्षा चालू होती, दादानं तिकडून तिचं बंद केलं. आई परत खाली बसली आणि काठी दोन्ही गुडघ्यांवर आडवी धरली.

राउटर पुन्हा उजळला, पण बाहेरची लाइन जोडली जाईना. वहिनीनं माझ्या फोनवरून इंटरनेट कंपनीच्या मदत-कक्षाला फोन लावला. तिकडच्या मुलीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, जोडणी कुणाच्या नावावर आहे? घर आईच्या नावावर, म्हणून जोडणीही आईच्या. खातेदार स्वतः बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. वहिनीनं फोन धरून आईकडे बघितलं. विनंती केली नाही. नुसती बघत राहिली.

आईनं हात पुढे केला. जड जिभेनं स्वतःचं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. मग म्हणाली, "हो, मीच. माझी सून सांगते तसं करा." आणि फोन परत दिला.

दादा नेहमीच्या वेळेच्या बराच आधी घरी आला. दारावरचा कॅमेरा अंधारल्यावर त्याला कळलं असणार. आत येता येताच त्याचा आवाज चढला. "कुणी हात लावला राउटरला? अक्कल आहे का? किती सेटिंग्ज होती त्यात, माहीत आहे?" चोराच्या उलट्या बोंबा.

वहिनी टेबलापाशी उभी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं त्याला अहो-जाहोखेरीज कधी हाक मारली नव्हती. त्या दिवशी ती म्हणाली, "तू हात लावलास. माझ्या कामाला."

"तू?" दादाला परीक्षेपेक्षा त्या एका अक्षराचाच धक्का बसला. "तू कुणाशी बोलतेस?"

"तुझ्याशी. तू माझी परीक्षा मोडलीस. गंमत म्हणून. तिथे बसून, बोटानं. मी इथे जीव तोडून ऐकत होते आणि तू बोटानं बंद केलंस. माझ्या सासूचं मी सगळं काढलं, एक दिवस माझ्याकडून चुकलं असेल तर सांग. मी कधी तुझं काही बंद केलं?"

"आईला दवाखान्यात न्यायचं सोडून तू कानात ते घालून..."

"मी नेणार होते तिला," मी म्हटलं. "संध्याकाळी. तुला माहीत होतं. खोटं बोलू नकोस."

तो माझ्याकडे वळणार, तोच आईनं काठी फरशीवर आपटली. "तिचं बंद केलंस तू?"

"आई, तुला नाही कळणार त्यातलं. ते नेटवर्कचं..."

"बंद केलंस की नाही, एवढं कळतं मला."

दादानं खिशातून फोन काढला आणि अ‍ॅप उघडायला लागला. सवयीनं, मला वाटतं, दुसरं काही सुचलं नसेल. अ‍ॅपनं पासवर्ड मागितला. जुना चालेना. त्यानं वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "वायफायचा नवा पासवर्ड आईंना सांगितलाय, वन्संना सांगितलाय, तुलाही सांगते. राउटरचे नियम बदलायचा पासवर्ड फक्त माझ्याकडे राहील. आणि तो तू विनंती केलीस तरी मी सांगणार नाही."

ही गोष्ट इथेच संपली असती तर वहिनी जिंकली असं म्हणता आलं असतं. पण ती परीक्षा गेली ती गेलीच. तिनं कंपनीला लिहिलं, पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की नियम सर्वांना सारखे आहेत. ते वाचून तिनं रागानं खिडकीचं दार असं लावलं की काचेला तडा गेला. तो तडा अजून तसाच आहे. दादा म्हणाला काच बदलतो, ती म्हणाली राहू दे.

लॅपटॉपचंही तिनं केलं काय करायचं ते. वर्गाच्या बाईंचं प्लास्टर तोवर निघालं होतं, हात अजून काठीसारखा बारीक. त्यांनी एका पेन ड्राइव्हवर फुकट मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम दिली. वहिनीनं आधी दादाच्या फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवून त्याच्या उशाशी ठेवल्या. मग लॅपटॉपची डिस्क पूर्ण पुसली आणि नवीन सिस्टिम घातली. पडद्यानं विचारलं, पहिल्या वापरणाऱ्याचं नाव काय? तिनं स्वतःचं टाइप केलं. मी शेजारीच होते. तिला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही दिसलं नाही. "एवढ्यासाठी," ती म्हणाली, "एवढ्याशा गोष्टीसाठी माझी इतकी वर्षं गेली."

तिची गादी तिनं माझ्या खोलीत आणली. दादाशी कामापुरतं बोलते, आणि तेही तू म्हणूनच.

पुढे तिला नोकरी लागली ती इंटरनेट कंपनीच्या मदत-कक्षात. दिवसभर कानाला हेडफोन आणि पलीकडे चिडलेली माणसं. एका मोठ्या दालनात रांगेनं टेबलं, मध्ये कापडाच्या बुटक्या भिंती, आणि सगळीकडून "राउटर एकदा बंद करून चालू करा" हाच जप. वहिनीचा आवाज त्यात वेगळा ऐकू येतो म्हणे. कुणी बाई म्हणाली, "मला नाही हो त्यातलं कळत, मुलाला देते फोन," की वहिनी तिथल्या तिथे तिला खडसावते. "मुलगा नको. तुम्हीच बघा, कुठला दिवा लाल आहे? तो बाहेरच्या लाइनचा. म्हणजे बिघाड आमचा आहे, तुमचा नाही. आता कळलं की नाही?" काही बायका रागावून फोन ठेवतात. काही मुद्दाम तिलाच मागून घेतात.

मागच्या महिन्यात एका माणसाचा फोन आला. अगदी गोड बोलणारा. घरातल्या एकाच फोनचं नेट कसं बंद करायचं, असं विचारत होता.

"लहान मुलाचा फोन आहे का?" वहिनीनं विचारलं. मुलांसाठी लोक विचारतात, तिला त्यात वावगं वाटत नाही.

"नाही हो, बायकोचा. जरा धडा शिकवायचाय."

"मग बायकोला सांगा, तिला वाटलं तर ती बंद करील," वहिनी म्हणाली, आणि त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा तेच म्हणाली, आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा जे म्हणाली ते मी इथे लिहीत नाही.

त्यानं तक्रार केली. तिची वरिष्ठ तिच्याहून वयानं बरीच लहान. तिनं वहिनीला बोलावून ते संभाषण ऐकवलं. "ताई, कुणाचं बंद करायचं हे आपण विचारायचं नसतं. आपण फक्त पायऱ्या सांगायच्या."

"पायऱ्या मला पाठ आहेत," वहिनी म्हणाली. "म्हणूनच सांगितल्या नाहीत."

लेखी ताकीद मिळाली. अजून एक मिळाली तर काढतील. घरी येऊन तिनं तो कागद आईसमोर टाकला. आईनं चष्मा लावून तो अक्षर अक्षर वाचला आणि विचारलं, "त्या बाईचं पुढे काय झालं?"

"कुणाच्या?"

"त्या माणसाच्या बायकोच्या."

वहिनी खाली बसली आणि म्हणाली, "कुणास ठाऊक. त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल." त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

काल दादा मला जिन्यात भेटला. मी दुकानातून येत होते, तो खाली चालला होता. थांबला, कठड्याला टेकला. अलीकडे तो वाळलाय थोडा. म्हणाला, "तिचा राग कधी जायचा गं?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

अजून त्यानं विचारलेलं नाही.